जॉयचा रविवार, आर्चीचा पगार: परमुलखातल्या प्रेमाची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत बसल्यावर कळलं की इयरफोन घरीच राहिला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं इथं लिहून काढलंय. बोलताना जिथं वाक्य भरकटलं तिथं थोडं सरळ केलंय, बाकी आहे तसंच ठेवलंय.

आजचा विषय एक फिलिपिनो सिनेमा. नाव ‘हॅलो, लव्ह, गुडबाय’. जुलै 2019 मध्ये आला आणि कमाईत तोवरच्या सगळ्या फिलिपिनो सिनेमांना मागं टाकून गेला. आता तुम्ही म्हणाल, आष्ट्यात बसून फिलिपिन्सच्या सिनेमावर काय बोलायचं? तर त्यातली जी मुख्य अडचण आहे ना, ती वाळवा, खानापूर, आटपाडी, पाटण या तालुक्यांतल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पोट एका गावाला आणि जीव दुसऱ्या गावाला. फरक इतकाच, की आपण त्यावर गाणी केली आणि त्यांनी लव्हस्टोऱ्या केल्या. हा फरक का पडला, हेच आज बघायचंय.

पुढं सिनेमाचा शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथंच पॉज करा. 

तर गोष्ट अशी. जॉय नावाची पोरगी हाँगकाँगमध्ये एका घरी कामाला आहे. स्वयंपाक, झाडलोट, घरातली सगळी उस्तवार. शिकलीय मात्र नर्सिंग. हाँगकाँग तिच्यासाठी मधलं स्टेशन आहे, जायचंय कॅनडाला. त्यासाठी पैसे साठवायचेत, घरच्यांनाही पाठवायचेत, म्हणून ती लपूनछपून जास्तीची कामं करते. ईथन हा बारटेंडर. त्याचं सगळं आता हाँगकाँगमध्येच आहे, त्याला तिथंच कायमचं राहायचंय. म्हणजे एकाचं तिकीट इथंपर्यंतचं आणि दुसरीचं पुढच्या गाडीचं. आणि नेमकं याच दोघांचं जमतं. जॉयचं काम कॅथरिन बर्नार्डोनं केलंय, ईथनचं ऑल्डन रिचर्ड्सनं, आणि दिग्दर्शन कॅथी गार्सिया-मोलिना या बाईंचं.

आपल्याकडच्या सिनेमात प्रेमाच्या आड कोण येतं? बाप येतो, जात येते, पैसा येतो, गावचा पाटील येतो. या सिनेमात तसा खलनायक कुणी नाहीच. आड येतो तो व्हिसा. गंमत वाटेल, पण हाँगकाँगचे नियम समजून घेतले नाहीत तर अर्धा सिनेमा डोक्यावरून जातो, म्हणून ते जरा नीट सांगतो.

हाँगकाँगमध्ये घरकामासाठी परदेशातून आलेल्या कामगारांची संख्या साडेतीन लाखांच्या आसपास आहे. जवळजवळ सगळ्या बायकाच, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फिलिपिन्सच्या. करार 2 वर्षांचा. राहायचं मालकाच्याच घरात, बाहेर खोली घेऊन राहायला परवानगी नाही. दुसरीकडं पार्टटाइम काम करणं हा गुन्हा. म्हणजे जॉय रात्री जे करते ते सापडलं तर थेट घरी रवानगी. करार संपला किंवा मालकानं काढून टाकलं, तर साधारण 2 आठवड्यांत देश सोडायचा. आणि सगळ्यात मोठी मेख पुढं आहे. हाँगकाँगमध्ये इतर बहुतेक नोकऱ्यांवर आलेला माणूस सलग 7 वर्षं राहिला की कायम रहिवासी व्हायला अर्ज करू शकतो. घरकामवाल्या बाईला ते दार बंद. ती 20 वर्षं राहिली तरी ‘तात्पुरती’च. एका फिलिपिनो बाईनं याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. 2013 च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तो तिच्या विरोधात गेला.

आता परत गोष्टीकडं या. ईथन जॉयला ‘थांब की’ म्हणतो तेव्हा प्रेमानं म्हणतो. पण थांबून तिनं व्हायचं काय? दर 2 वर्षांनी करार वाढवत, दुसऱ्याच्या किचनशेजारच्या खोलीत झोपायचं. त्याला हाँगकाँगमध्ये भविष्य दिसतं कारण कायद्यानं त्याला ते दाखवलंय. तिला दाखवलेलंच नाही. त्यामुळं शेवटी ती विमानतळावरून जाते, तेव्हा ‘करिअरसाठी प्रेम सोडलं’ असं जे पोरं रील्सखाली कमेंट करतात ते मला पटत नाही. तिच्यापुढं दोन रस्ते होते आणि त्यातला एक कुठं जातच नव्हता.

अजून एक नियम आहे, तो या सगळ्यांत चांगला: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. बहुतेकींना ती रविवारी असते. आणि रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात जे दिसतं ते जगात क्वचित कुठं दिसत असेल. बँकांच्या काचेच्या इमारती, त्यांच्याखाली फूटपाथवर, रस्त्यावर, पुलांवर पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसलेल्या. डबे उघडलेत, कुणी केस विंचरतंय, कुणी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलतंय, कुठं नाच बसवणं चाललंय. एचएसबीसी बँकेच्या मुख्य इमारतीचा तळमजला उघडा आहे, तिथं तर सावली म्हणून रविवारी पाय ठेवायला जागा नसते. आठवडाभर दुसऱ्याच्या घरात वागलेली बाई त्या दिवशी आपल्या भाषेत मोठ्यानं हसते. मैत्री, भांडण, उधारी, प्रेम, सगळं त्या एका दिवसात बसवायचं.

मला वाटतं, परमुलखात प्रेम जमायला तीन गोष्टी लागतात. दोघंही तिथं पाहिजेत. दोघांच्या हातात स्वतःचा पगार पाहिजे. आणि रविवार पाहिजे. हे तीन मनात ठेवा, कारण आता आपण आपल्या मुलखात येणार आहोत.

त्याआधी थोडक्यात, फिलिपिन्सची एवढी माणसं बाहेर का. 1974 साली मार्कोसच्या राजवटीत तिथल्या सरकारनं कामगार परदेशी पाठवणं हे धोरणच केलं. देशात काम नाही, तिजोरीत डॉलर नाहीत, मग माणसं पाठवा, ती डॉलर पाठवतील. आज हा आकडा वर्षाला 30 अब्ज डॉलरच्या वर आहे. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी या कामगारांना ‘नवे वीर’ म्हटलं. मग 1995 च्या मार्चमध्ये फ्लोर काँटेम्प्लासियॉन नावाच्या मोलकरणीला सिंगापूरमध्ये फाशी झाली, सगळा देश पेटला, आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्यावर लगेच सिनेमाही आला. 2000 मध्ये ‘अनाक’ आला, त्यात हाँगकाँगहून परतलेल्या आईला तिचीच पोरं ओळख देत नाहीत. 2004 मध्ये ‘मिलान’, इटलीत बायकोला शोधायला गेलेला नवरा आणि तिथं भेटलेली दुसरी. म्हणजे ‘हॅलो, लव्ह, गुडबाय’ हा काही एकटा सिनेमा नाही, हा त्यांच्याकडं एक अख्खा प्रकार आहे. आपल्याकडं जसे तमाशापट होते तसा.

आता आपल्याकडं या.

माझी मैना आणि मुंबई

आष्ट्याच्याच तालुक्यात, म्हणजे वाळव्यात, वाटेगाव आहे. 1 ऑगस्ट 1920 ला तिथं अण्णाभाऊ साठे जन्मले. लहानपणी घरच्यांबरोबर चालत मुंबईला गेले. होय, चालत! पुढं मिळेल ती कामं केली, गिरणीत राबले, शाहीर झाले. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ज्यांनी ऐकली नाही असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेखांच्या आवाजानं ती घराघरात गेली. मुंबईला पोटासाठी आलेला गडी, मागं राहिलेली त्याची मैना, आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होते. राजकारण असं विरहातून सांगायचं हे डोकं अण्णाभाऊंचंच.

पण आपल्या विषयासाठी त्यातली साधी गोष्ट बघा. मैना गावावर राहिलीय. ती मुंबईत नाहीच. आपल्या स्थलांतराचं जे सगळ्यात गाजलेलं प्रेमगीत आहे त्यात प्रेयसी शेकडो मैल लांब आहे.

हे कवीच्या मनातलं नव्हतं, ते मुंबईचं गणित होतं. सातारा आणि कोकणातनं गडी गेले ते एकटे. 1931 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागं बायका होत्या साडेपाचशेच्या आसपास. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळ्या लावून झोपायचे, कारण दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाल्याला तेच अंथरूण. जेवण खाणावळीत. पैसे मनिऑर्डरनं. बायको गावाकडं शेत, सासू आणि पोरं बघणार. गडी वर्षातनं एकदा-दोनदा गणपतीला, शिमग्याला, नाहीतर गावच्या जत्रेला. तीन अटींतली पहिलीच अट इथं पडली: दोघं एका ठिकाणी नाहीतच. त्यामुळं ओवी झाली, लावणी झाली, छक्कड झाली. लव्हस्टोरी कशी होणार?

गलाईवाल्यांचंही सुरुवातीला तसंच. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा आपला दुष्काळी पट्टा. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर गेली. जुने दागिने वितळवायचे, ॲसिडनं त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोनं करून सराफाला द्यायचं. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठल्याही शहरातल्या सराफकट्ट्यात जा आणि मराठीत हाक मारा, माडगुळ्याचा नाहीतर विट्याचा कुणीतरी वळून बघणारच. आता ती कुटुंबं तिथंच राहतात, पोरं मल्याळम-तमीळ फाडफाड बोलतात. पण सोयरीक अजून बहुतेकदा गावाकडनंच होते. पोरगं कोईमतूरला वाढलं तरी लग्नाचा मांडव खानापूर तालुक्यात. मला हे वाईट म्हणायचं नाही. माणूस परमुलखात धंदा करतो तेव्हा गावाकडची सोयरीक हीच त्याची बँक असते आणि विमाही. पण यातून सिनेमावाल्याला गोष्ट मिळत नाही हे खरं.

कोयता म्हणजे जोडी

आता जे रोज डोळ्यांसमोर आहे आणि तरी आपल्याला दिसत नाही, त्यावर बोलू. आष्ट्याच्या आजूबाजूला ऊसच ऊस. साखराळे, वाळवा, कारखान्यांची चिमणी पेटली की दिवाळीच्या सुमारास बीडकडनं, जतकडनं टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. आपण त्यांच्या बैलगाडीला, टायरगाडीला ओव्हरटेक करून पुढं जातो.

या धंद्यातला एक शब्द ऐका. मुकादम हिशोब करतो तो ‘कोयत्या’त. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गड्यानं ऊस तोडायचा, बाईनं मोळ्या बांधायच्या, दोघांनी गाडी भरायची. एकटा आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, ती जोडीला मिळते. अर्ध्याला निम्मी.

फिलिपिन्सच्या उलट गणित बघा. तिथं माणूस एकटा जातो आणि परमुलखात जोडी जमते. इथं आधी जोडी जमवावी लागते तरच परमुलखात जाता येतं. लग्न हीच कामाची अट. त्यामुळं हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात, आणि त्यातल्या कितीतरी पोरी कायद्यानं लग्नाच्या वयाच्या नसतात. शाळा सुटते ती सुटतेच. आपल्याकडं चहात जी साखर पडते तिच्या मागं हेही आहे.

आणि रविवार? ऊसतोडीला रविवार नाही. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. खाडा झाला की पैसे कापले. बाई आजारी, पाळी आलीय, तरी खाडा नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागच्या कारणांत हा खाडाही होता. हाँगकाँगच्या त्या पुठ्ठ्यावरच्या बायका गरीब आहेत, बांधलेल्या आहेत, पण त्यांच्याकडं कायद्यानं दिलेला एक दिवस आहे. आपल्या रानातल्या बाईकडं तोही नाही. इथं प्रेम नसतं असं मी म्हणत नाही. असतं, जोड्या एकमेकांना जीव लावतात. पण निवड नसते, आणि लव्हस्टोरीला निवड लागते.

हैदराबादमधला सैराट

मग आपल्याकडं हा प्रकार आलाच नाही का? आला. आणि तुम्ही तो बघितलाय, दहा वेळा बघितलाय. फक्त त्याला या नावानं ओळखलं नाही.

‘सैराट’, 29 एप्रिल 2016. नागराज मंजुळेंचा, शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमा. आपण सगळे पहिल्या भागाबद्दल बोलतो. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, अजय-अतुलची गाणी. थिएटरमध्ये पैसे उधळले ते पहिल्या भागात. दुसऱ्या भागात गाणी थांबतात, आणि खूप जणांना तेव्हा तो ‘स्लो’ वाटला होता. पण माझ्या मते मराठीतला परमुलखातल्या कामगारांचा सिनेमा तिथं सुरू होतो.

दोघं हैदराबादला येतात. भाषा येत नाही, ओळख नाही, पैसे संपत आलेले. मराठी बोलणारी सुमनअक्का भेटते, ती झोपडपट्टीत खोली देते. परश्या तिच्या डोशाच्या गाड्यावर कामाला लागतो. आर्ची बाटल्या भरायच्या कारखान्यात जाते. पाटलाची लेक, जिनं गावात ट्रॅक्टर हाणला, ती आता लाइनीत उभी राहून काम करते आणि हळूहळू तेलुगू शिकते. सुरुवातीला तिला ती जागा, ती घाण सहन होत नाही, ती रडते, चिडते. परश्याला याचं कमी वाटतं, कारण त्याच्यासाठी गरिबी नवी नाही. हे किती बारीक आहे बघा! दोघं एकाच खोलीत राहतात, पण स्थलांतर दोघांचं वेगळं झालंय. तो खालून बाजूला सरकलाय, ती वरून खाली आलीय.

आणि मग भांडण. परश्याला कामावरच्या माणसावरून संशय येतो. हेही परमुलखातलंच दुखणं. गावात आर्ची कुणाची लेक हे सगळ्यांना माहीत होतं, इथं ती स्वतःच्या पायांवर फिरते, तिच्या ओळखी तिच्या आहेत, तिचा पगार तिचा आहे. प्रेमात पडताना ज्या बिनधास्तपणावर तो भाळला तोच आता त्याला टोचतो. ती निघून जाते आणि परत येते. कुणी आणलं म्हणून नाही, तिची ती परत येते. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमात आर्चीनं परश्याला खरं निवडलं ते या जागी. गावात ती फक्त बेधडक होती, इथं तिला किंमत माहीत झाली होती.

पुढं रजिस्टर लग्न, स्कूटर, पोरगं, थोडं बरं घर. तीन अटी पूर्ण झाल्या: दोघं तिथं, दोघांचा पगार, आणि चार निवांत तास. मग गाव दारात येतं. शेवट तुम्हाला माहीत आहे, तो मी बोलणार नाही.

इथं दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघा. जॉय आणि ईथनला त्यांच्या घरच्यांकडून धोका नाही, धोका आहे परक्या देशाच्या कायद्याकडून. आर्ची-परश्याला हैदराबादनं काहीच त्रास दिला नाही असं नाही, स्टेशनजवळ गुंड भेटतातच, पण शेवटी हैदराबादनं त्यांना सामावून घेतलं. नोकरी दिली, भाषा दिली, लग्नाचा कागद दिला. मारायला आलं ते आपलंच माणूस, गावाकडचं सामान हातात घेऊन.

तुमच्या मेसेजेसमधला एक प्रश्न

गेल्या वेळी विषय सांगितला होता तेव्हा मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या एका श्रोत्या ताईनं व्हॉइस मेसेज पाठवला. तिचा सवाल असा: मी जर्मन शिकतेय, जुळलेलं एक स्थळ आहे, मुलगा म्हणतो सांगलीतच राहू. जॉयनं केलं ते बरोबर होतं का?

ताई, स्थळाचं उत्तर मी देणार नाही, ते तुमचं तुम्ही आणि त्यानं बसून ठरवा. पण सिनेमातनं घेण्यासारखा एक प्रश्न आहे: ज्या देशात जायचं तो तुम्हाला काय म्हणून बोलावतोय? हाँगकाँगनं जॉयला मोलकरीण म्हणून बोलावलं आणि कायम तेवढंच ठेवलं. नर्स म्हणून व्हिसा मिळतो तिथं बहुतेक ठिकाणी पुढं कायम राहण्याचा, जोडीदाराला बोलावण्याचा रस्ता असतो. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथं जाणार असाल तर कराराच्या कागदात चार गोष्टी शोधा. आपली डिग्री तिथं पूर्ण धरतात की आधी हाताखाली काम करायचं. मालक बदलता येतो का. जोडीदाराला व्हिसा कधी आणि कुठल्या अटीवर. भाषेची परीक्षा नापास झाली तर खर्च कुणाच्या अंगावर.

आणि एजंट. भारतात 1983 चा एमिग्रेशन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणारा एजंट परराष्ट्र खात्याकडं नोंदलेला लागतो, त्याचं नाव ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर मोबाइलवरून दोन मिनिटांत तपासता येतं. त्याला घेता येणारी फी 30 हजार रुपये अधिक जीएसटी, एवढीच. कुणी दोन लाख, चार लाख मागत असेल तर तो नोंदणीकृत असो नसो, तिथंच उठा. पासपोर्ट मूळ प्रत ‘फाइलला लावायला’ म्हणून कुणाच्या ताब्यात देऊ नका.

जाता जाता, ज्यांना सिनेमा बघून जॉय आणि ईथनचं पुढं काय झालं ही रुखरुख लागेल त्यांच्यासाठी: नोव्हेंबर 2024 मध्ये ‘हॅलो, लव्ह, अगेन’ आलाय. तीच जोडी, आता कॅनडात. करोनाचा काळ मधे गेलाय. एक अब्ज पेसोंच्या वर कमाई करणारा तो पहिला फिलिपिनो सिनेमा ठरला. त्यातही विषय फिरून कागदपत्रांवर येतो, फक्त या वेळी नव्या देशात पाय रोवलेली ती आहे आणि मागून आलेला तो. त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तुमच्या घरात कुणी गलाईला, गल्फला, बोटीवर किंवा कुठंही बाहेर असेल आणि त्यांची जोडी तिकडंच जमली असेल, तर त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन व्हॉइस मेसेज पाठवा. नाव सांगायची गरज नाही, गाव सांगितलं तरी चालेल.